उजळणी वाचून होत नाही

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये गुणगौरव सोहळ्यांचा मोसम सुरू होतो. शादीखाना सजतो, ट्रॉफ्यांची रांग लागते, नव्वद टक्क्यांच्या वरच्या मुलामुलींची नावं पुकारली जातात. एखादा पाहुणा इब्न अल-हैसमची आठवण काढतो, हजार वर्षांपूर्वी प्रकाशावर ग्रंथ लिहिणारा हा माणूस आपला होता असं सांगतो आणि टाळ्या पडतात. अशा व्यासपीठांवर मी अनेकदा बसले आहे. इब्न अल-हैसमचं नाव मीही घेतलं आहे.

यंदाच्या सोहळ्यात शेवटच्या रांगेत एक मुलगी बसली होती. मामेभावाचा सत्कार होता म्हणून घरच्यांबरोबर आली होती. तिचा स्वतःचा निकाल गणित आणि विज्ञान या दोन विषयांत अडकला होता. ही मुलगी तीन महिने दर रविवारी आमच्या अभ्यासवर्गात येत होती आणि तिला विज्ञान शिकवणारी मीच होते. तिच्याकडे लक्ष गेलं तेव्हा माझ्या हातात माइक होता. पुढे मी काय बोलले ते मला आठवत नाही.

हे संपादकीय त्या मुलीमुळे लिहिते आहे, पण तिच्यावर नाही. माझ्या शिकवण्यावर आहे, आणि आपण सगळे मिळून ज्याला 'मुलांना मदत करणं' म्हणतो त्यावर आहे.

सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालातला एक आकडा आपल्या प्रत्येक भाषणात असतो: 6 ते 14 वयाची 25 टक्के मुस्लिम मुलं एक तर शाळेत कधी गेली नाहीत किंवा मध्येच बाहेर पडली. हा आकडा दहावीच्या आधीचा आहे. त्यातून तगून जी मुलं दहावीपर्यंत येतात, त्यांच्यासमोर गणित-विज्ञानाची भिंत असते. तिथे अडकलेला मुलगा गॅरेजमध्ये किंवा दुकानात जातो आणि 'पुढच्या वर्षी देतो' म्हणतो. मुलीचं नाव शिवणक्लासात घातलं जातं आणि घरात रिश्त्याची बोलणी सुरू होतात. आयटीआय, डिप्लोमा, नर्सिंग, अकरावी या सगळ्यांची वाट त्या एका गुणपत्रिकेवरून जाते. नव्वद टक्केवाल्या मुलांना आपली गरज तशी कमीच असते. गरज असते ती 28 आणि 42 गुणांच्या मध्ये घुटमळणाऱ्या मुलांना, आणि त्यांच्यासाठी आपल्याकडे ना ट्रॉफी असते ना कार्यक्रम.

आता मुद्द्याकडे येते. दहावीचा 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 1' हा पेपर 40 गुणांचा, वेळ दोन तास. पुस्तकात दहा धडे. त्यातले गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे आणि अवकाश मोहिमा हे सहा भौतिकशास्त्राचे. यात मेडिकल किंवा जेईईवाल्यांचं अवघड भौतिकशास्त्र काही नाही. हे पायाचं आहे आणि मध्यम मेहनतीत कुणालाही जमण्यासारखं आहे. म्हणूनच इथे मूल अडकतं तेव्हा मला मुलाच्या बुद्धीपेक्षा आपल्या पद्धतीबद्दल शंका येते.

माझी पद्धत अशी होती. मी फळ्यासमोर उभी राहायची आणि धडा समजावून सांगायची. मुलं माना डोलवायची, दोन रंगांच्या पेनांनी टिपणं काढायची, आणि मी खूश होऊन घरी जायची. जानेवारीत मी पहिल्यांदा सगळ्यांना कोरा कागद दिला आणि म्हटलं, वस्तुमान आणि वजन यांबद्दल जे येतं ते लिहा. त्या मुलीनं वर धड्याचं नाव लिहिलं, खाली पट्टीनं रेघ मारली आणि थांबली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग म्हणाली, "आपा, मी वाचलंय सगळं. पुस्तक उघडलं की येतं मला."

पुस्तक उघडलं की येतं! त्या वेळी मला तिची दया आली आणि मी तोच धडा पुन्हा एकदा समजावून दिला. माझी चूक ती हीच. तिला समजलेलंच होतं. डोक्यातून बाहेर काढायची सवय तिला कुणी लावली नव्हती, आणि परीक्षेत तर फक्त बाहेर काढायचं असतं.

गंमत म्हणजे या दुखण्यावरचं औषध माझ्या घरातच होतं. माझा भाचा हिफ्ज करतो. हिफ्जच्या मदरशातला दिवस ज्यांनी पाहिला आहे त्यांना माहीत असेल की तिथे रोज तीन गोष्टी होतात. आज नवीन पाठ केलेला सबक. गेल्या काही दिवसांचा सबकी. आणि फार मागचं, महिन्यांपूर्वीचं, ती मंजिल. तिन्ही रोज, आणि तिन्ही मुसहफ बंद ठेवून, कुणाला तरी ऐकवून. उस्ताद त्या वेळी शिकवत नसतात, ते ऐकत असतात. मूल अडखळलं की थोडं थांबतात, वाट बघतात, आणि अगदीच गाडी पुढे गेली नाही तर एक शब्द देतात. रमजानच्या आधी दोन हाफिज समोरासमोर बसून दौर करतात तेही हेच. तरावीहमध्ये इमाम अडकले तर मागचा हाफिज लुकमा देतो. लुकमा म्हणजे तेवढाच एक घास. संपूर्ण पान वाचून दाखवत नाही कुणी.

शाळेच्या अभ्यासात मात्र आपण हे सगळं विसरतो. मूल अडखळलं की आपण अख्खं ताट पुढे करतो.

2006 मध्येच, म्हणजे सच्चर अहवालाच्या वर्षी, रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी वाचून झाल्यावर तो बाजूला ठेवला आणि जे आठवतं ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तर लिहून काढणारे पुढे गेले. आणि पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांचा आपल्याला आठवेलच हा विश्वास मात्र जास्त होता. हे वाचताना मला त्या मुलीचा चेहरा आठवला. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की येतंय.

अर्थात भौतिकशास्त्र हे पाठांतर नाही, आणि हिफ्जशी त्याची तुलना एका मर्यादेपलीकडे ताणू नये. व्याख्या घडाघडा म्हणणारा मुलगा उदाहरणात आकडे कुठे घालायचे ते विसरतो, हे मी दर आठवड्याला पाहते. तेव्हा 'ऐकवणं' यात सोडवून दाखवणं, आकृती काढून दाखवणं, आणि 'असं का?' याचं उत्तर देणं हे सगळं आलं. आम्ही पुरवणी परीक्षेच्या आधीच्या थोड्या आठवड्यांत वर्ग मोडला आणि दोन-दोन मुलांमागे एक मोठा मुलगा किंवा मुलगी बसवली. पुस्तक बंद. समोर कोरा कागद. आधी मागच्या महिन्यातलं काही, मग मागच्या रविवारचं, मग आजचं. फळा आम्ही भिंतीकडे तोंड करून ठेवला, कारण तो दिसला की माझा हात खडूकडे जातो.

त्या बैठकींमध्ये जे दिसलं ते वर्गात कधी दिसलं नव्हतं. उदाहरणार्थ, "तुझं वजन किती?" "बेचाळीस किलो." इथेच सगळं अडलेलं असतं. बाजारात, दवाखान्यात, घरात आपण सगळे किलोलाच वजन म्हणतो, त्यामुळे मुलाची चूक ती नाही, भाषेची सवय आहे. बेचाळीस किलो हे वस्तुमान. ते चंद्रावर नेलं तरी बेचाळीसच. वजन म्हणजे पृथ्वी जितक्या बळानं तुला ओढते ते, 42 गुणिले 9.8, म्हणजे 411.6 न्यूटन. चंद्रावर साधारण सहावा हिस्सा, 68.6 न्यूटन. स्वतःचं वजन घेऊन हे एकदा केलं की मूल पुन्हा चुकत नाही, आणि एकक लिहायलाही विसरत नाही. तीन गुणांच्या उदाहरणात सूत्र लिहिलं, किमती नीट भरल्या आणि शेवटी एकक लिहिलं तर मधली आकडेमोड चुकली तरी हातात काहीतरी पडतं. पेपरात अशा तीन-तीन गुणांच्या पाच प्रश्नांना 15 गुण आहेत. पासाच्या काठावर असलेल्या मुलाला हे सांगायलाच हवं, आणि हे सांगण्यात लाज वाटायचं कारण नाही.

विद्युतधारेसाठी आम्ही मोहल्ल्यातल्या टेलरच्या दुकानातली इस्त्री घेतली. 1100 वॉट, 220 व्होल्ट. धारा किती? 1100 भागिले 220, पाच अँपिअर. रोध? 220 भागिले 5, म्हणजे 44 ओहम. रोज दोन तास, तीस दिवस चालवली तर 1.1 गुणिले 60, म्हणजे 66 युनिट. एक मुलगा लगेच म्हणाला, "आपा, एवढं बिल येत नाही. इस्त्री तापली की आपोआप बंद होते, मग परत चालू होते." त्याचे अब्बा टेलर आहेत. चाचणीत पाच गुणांच्या वर न जाणारा हा मुलगा थर्मोस्टॅट समजावून सांगत होता, आणि मी ऐकत होते.

भिंगांच्या धड्यात तर निम्मी मुलं एका वजा चिन्हावर घसरतात. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर 20 सेंटिमीटर, वस्तू 30 सेंटिमीटरवर. वस्तू डावीकडे, म्हणून अंतर उणे 30. नीट केलं तर प्रतिमा 60 सेंटिमीटरवर, उलटी आणि दुप्पट मोठी. उणे चिन्ह विसरलं तर उत्तर येतं 12. इथे 'चिन्ह विसरू नको' असं शंभरदा सांगून उपयोग होत नाही, मी सांगून पाहिलं आहे. त्याऐवजी आधी किरणाकृती काढायला लावा. वस्तू एक नाभीय अंतर आणि दोन नाभीय अंतरांच्या मध्ये आहे, तर प्रतिमा दुसऱ्या बाजूला दोन नाभीय अंतरांच्या पलीकडेच, म्हणजे 40 च्या पुढेच पडणार. मग 12 आलं की मूल स्वतःच म्हणतं, काहीतरी चुकलं. दादीचा जवळचं वाचायचा चष्मा अधिक 2 नंबरचा असेल तर त्याचं नाभीय अंतर अर्धा मीटर. अंगणात उन्हात कागद धरून ते मोजता येतं. फक्त भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही, हे लहानांना आधी बजावा.

आणि अपवर्तनाबद्दल एक गोष्ट मला स्वतःला फार आवडते. वातावरणाच्या थरांतून येताना सूर्याचे किरण वाकतात, त्यामुळे सूर्य क्षितिजाखाली गेल्यावरही साधारण दोन मिनिटं आपल्याला दिसत राहतो. रमजानमध्ये गच्चीवर खजूर हातात घेऊन आपण ज्या सूर्याच्या बुडण्याची वाट पाहतो, तो सरळ रेषेच्या हिशेबानं आधीच बुडालेला असतो. हे ऐकल्यावर एका मुलीनं घाबरून विचारलं, "मग आपला इफ्तारचा टाइम चुकतो का?" नाही चुकत. मावळणं आपण डोळ्यांना दिसणाऱ्या सूर्यावरूनच धरतो. पण तिचा तो प्रश्न धड्याखालच्या स्वाध्यायातल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा चांगला होता. इब्न अल-हैसमची आठवण काढायची तर ती इथे काढावी. डोळ्यातून किरण निघतात म्हणून दिसतं, हे त्याच्या काळातलं मोठं मत. ते त्यानं तपासून पाहिलं आणि नाकारलं.

आमच्याकडे येणारी जवळजवळ निम्मी मुलं उर्दू शाळांतली. पुस्तक तेच, बालभारतीचं, फक्त उर्दूतलं. त्यांना परावर्तन म्हणजे इनइकास, अपवर्तन म्हणजे इनइताफ, वस्तुमान म्हणजे कमियत, भिंग म्हणजे अदसा, विद्युतधारा म्हणजे बर्की रौ. मराठी शाळेतली मुलं सुरुवातीला हसली. मग मी त्यांना विचारलं, अपवर्तन हा शब्द तरी तुमच्या घरात कोण बोलतं? घरात बोलायची भाषा एक, शाळेची दुसरी, आणि अकरावीत गेल्यावर तिसरी, इंग्रजी, हे दोघांचंही दुखणं सारखंच आहे. आम्ही भिंतीवर तीन रकान्यांचा एक तक्ता लावला आहे: मराठी, उर्दू, इंग्रजी. आणि चौथा रकाना रिकामा ठेवला आहे, त्यात मुलांनी आपल्या घरच्या बोलीत अर्थ लिहायचा. इनइताफ-अपवर्तनासमोर कुणीतरी 'उजेड मुरडतो' असं लिहून ठेवलं आहे. ते मी खोडणार नाही.

या मासिकाचे बहुतेक वाचक अठरा ते पंचवीसच्या आतले आहेत, म्हणून आता तुमच्याशी बोलते. तुमच्यापैकी अनेकांना मी हे काम सुचवलं तेव्हा उत्तर मिळालं, "आपा, मला फिजिक्स कुठे आठवतंय आता?" आठवायची गरज नाही. तुम्हाला शिकवायचं नाही, ऐकायचं आहे. उत्तर पुस्तकात आहे, पुस्तक तुमच्या हातात आहे, मुलाच्या नाही. अडखळलं तर दहा सेकंद गप्प बसायचं, मग एक शब्द. खरं सांगते, गप्प बसणं हे यातलं सर्वांत अवघड काम आहे, आणि शिकलेल्या माणसांना ते कमी जमतं. आमच्याकडे सर्वांत चांगला ऐकणारा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेडचा मुलगा आहे. इंजिनियरिंगची मुलं दोन मिनिटांत स्वतः बोलायला लागतात.

जागेबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. आम्ही पहिला वर्ग मशिदीच्या वरच्या मजल्यावर काढला. जागा फुकट, पंखे चांगले, ट्रस्टींचा पाठिंबा. मुलगे आले, मुली आल्या नाहीत. दोन रविवार आम्ही 'मुलींना आवडच नाही' असं म्हणत बसलो. मग एका आईनं सांगितलं की तिथे मुलींनी जिना चढायचा म्हणजे खालच्या दहा जणांच्या नजरेसमोरून जायचं. शाळेचा एक खोलीवजा हॉल मागितला, वेळ संध्याकाळऐवजी सकाळी दहाची केली, आणि मुली आल्या. समाज मुलींना शिकू देत नाही असं लिहिणं सोपं आहे. जिना कुठे आहे ते पाहणं आपल्याला महिनाभर सुचलं नाही.

रमजानचं गणितही आताच मांडून ठेवा. 2024 आणि 2025 मध्ये दहावीची परीक्षा आणि रोजे एकमेकांत आले. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणजे पुढची काही वर्षं परीक्षा नाही तर पूर्वपरीक्षा तरी त्यात सापडणारच. तरावीहनंतर रात्री एकपर्यंत पुस्तक घेऊन बसणारी आणि सहरीला डोळे उघडत नसलेली मुलं मी पाहिली आहेत. तरावीहनंतर झोपू द्या. उजळणी फज्रनंतर, डोकं ताजं असताना, तासभर, कागदावर. बाजारहाट आणि इफ्तारची तळणं ही कामं त्या महिन्यात दहावीच्या मुलीकडून काढून भावाकडे द्यावीत, असं मी तीन घरांत जाऊन सांगितलं. दोन घरांनी ऐकलं.

त्या मुलीचं विचाराल, तर पुरवणी परीक्षेत ती विज्ञानात सुटली. गणित राहिलं आहे. ते ती फेब्रुवारीत पुन्हा देणार आहे, आणि या वेळी गणिताला ऐकणारं कुणी आमच्याकडे नाही. बारावी झालेल्या, बीजगणिताची भीती नसलेल्या दोन जणी हव्या आहेत.

रविवारी सकाळी दहा ते बारा. येताना पाठकोऱ्या कागदांचा एक गठ्ठा आणा. पुस्तक आणलं तरी चालेल, पण मुलांचं पुस्तक दप्तरातच राहील.